आनंदा मिस्त्रींचा उजवा पाय

आनंदा मिस्त्री गाडीत बसण्याआधी चपला काढून बाहेर ठेवत. गाडी नवी असो की भंगाराच्या वाटेवरची, चपला बाहेर. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसून उजव्या पायाचा चवडा ब्रेकच्या पॅडलवर ठेवत, डोळे मिटत आणि पॅडल इतकं सावकाश दाबत, की बघणाऱ्याला वाटावं, माणूस बसल्या जागी झोपला. उचगावातल्या त्यांच्या गॅरेजवर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस गाडीला देव मानत असणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

“देव न्हवं साहेब,” डोळे न उघडता ते म्हणाले. “आमच्या घरात देव न्हाईत. पायताणात पाय आंधळा असतोय, म्हणून काढतोय.”

मिस्त्रींना जाऊन आता दोन वर्षं होत आली. गॅरेज म्हणजे घरापुढे दोन गाड्या मावतील एवढी पत्र्याची शेड. सकाळची बुद्धवंदना झाल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. अंगानं बारीक, बोलणं मोठ्यानं, खिशात कायम एक छोटी बॅटरी. काम फक्त ब्रेकचं. इंजिनाचं काही निघालं तर दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता सांगत. मी एकदा विचारलं, इंजिनाचंही का नाही करत? म्हणाले, “चालवायला शिकिवणारं गावभर हाईत. थांबिवणारा एक तरी पायजे की.”

आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. गिऱ्हाईक गाडीचा दोष स्वतःच सांगायला लागलं, की ते हात वर करत. “तुमी जरा गप बसा. गाडी बोलाय लागल्या.”

एकदा एका नवरदेवाच्या भावानं दुरुस्तीला टाकलेली गाडी वरातीसाठी सजवायला परत मागितली. मागच्या चाकाचं काम अर्धवट होतं. भाऊ घाई करू लागला, मग आवाज चढवू लागला. मिस्त्रींनी किल्ली उचलून आत नेली आणि तांदळाच्या डब्यात टाकली. बाहेर येऊन म्हणाले, “वरात चालत गेली तर काय बिगडत न्हाय. गाडी थांबली न्हाय तर काय करशीला?” वरात दुसऱ्या गाडीतून गेली. तो भाऊ पुढे वर्षानुवर्षं त्यांचंच गिऱ्हाईक होता.

ब्रेकच्या कामाला दोन माणसं लागतात. ब्रेकच्या नळीत ऑइल असतं. त्यात हवा शिरली की पॅडल मऊ लागतं आणि खोल जातं. ती हवा काढायची तर एकानं गाडीखाली शिरून चाकाजवळचा छोटा नट ढिला करायचा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी वर बसून पॅडल दाबायचं. मिस्त्रींकडे हे दुसरं माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी, शालन वहिनी. त्या भाकरी थापता थापता हात धुऊन येत, गाडीत बसत आणि खालून आवाज येई, “दाब.” “दाबलं.” “धर.” “धरलंय.” “सोड.” तीस वर्षांत या पाच शब्दांवर त्यांनी किती गाड्यांची हवा काढली असेल, याचा हिशेब दोघांकडेही नव्हता. भांडण झालेलं असलं तरी हे शब्द चुकत नसत. त्या दिवशी फक्त ‘दाब’ जरा जोरात येई.

मी भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक आहे. लोकांच्या जमिनी मोजतो. त्यामुळे मिस्त्री मला मोजणीसाहेब म्हणत. माझी गाडी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, ही गोष्ट घडली तेव्हा चौदा वर्षांची. ती मुख्यतः माझी मुलगी केतकी चालवत असे. बिद्रीजवळच्या एका शाळेत ती शिकवते. जाऊन येऊन साठ-बासष्ट किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस.

एका वर्षी डिसेंबरात, उसाचा हंगाम भरात असताना, ती एका संध्याकाळी घरी आली आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, “बाबा, बॉनेटवर उसाचं वाढं टेकलं.” इस्पुर्लीच्या पुढे एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चालला होता. तो अचानक थांबला. केतकीनं ब्रेक दाबला, तर पॅडल खालपर्यंत गेलं. तिनं सोडून पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. ट्रॉलीमागे लोंबणारी वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची टोकं बॉनेटवर आली होती. म्हणजे मध्ये दोन हातसुद्धा अंतर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गाडी उचगावला नेली. मिस्त्रींनी चपला काढल्या, डोळे मिटले, दाबलं. “एअर हाय.” मग त्यांची आणि वहिनींची ती पाच शब्दांची जुगलबंदी झाली. नवं ऑइल भरलं. मिस्त्रींनी पुन्हा बसून बघितलं. “गच्च. दगड हाय आता.”

मी घरी येऊन माझ्या सवयीप्रमाणे मोजलं. गाडी सुरू ठेवायची, पॅडल एका जोरानं एक मिनिट दाबून धरायचं आणि खालच्या पत्र्यापासून किती उंचीवर आहे ते पट्टीनं बघायचं. चौऱ्याहत्तर मिलिमीटर. रोज सकाळी केतकी निघण्याआधी मी हे करू लागलो आणि वहीत लिहू लागलो. पंधरा दिवस ठीक गेले. सोळाव्या दिवशी आकडा पंचावन्नवर आला. गाडी परत उचगावला. पुन्हा हवा काढली. पुन्हा “दगड हाय.” या वेळी अकरा दिवस टिकलं. नंतर सहा.

मी वही दाखवली तर मिस्त्री हसले. “ब्रेक काय सातबारा हाय व्हय मोजाय? पायाला कळतंय की.”

चौथ्यांदा हवा काढली, तर तीनच दिवसांत गाडी परत न्यावी लागली. केतकीनं तोवर बसनं जायला सुरुवात केली होती. दोन बस बदलायच्या आणि पहाटे साडेपाचला घर सोडायचं. ती काही म्हणत नव्हती, पण माझा राग मात्र साठत होता. मिस्त्रींनी बसून बघितलं आणि म्हणाले, “ह्याला काय झालंय? चांगला तर हाय.”

मी स्वतः बसलो, दाबलं. पॅडल पायाखाली हळूहळू खाली जात होतं. मला स्पष्ट कळत होतं. ते मात्र ठीक म्हणत होते. मला एकच अर्थ लागला.

“मिस्त्री, ही पाचवी खेप,” मी म्हणालो. “दोष सापडत नसेल तर तसं सांगा. सापडला नसताना चांगलं आहे म्हणू नका. या गाडीत माझी मुलगी असते.”

त्यांनी हातातला फडका खाली ठेवला. “मी खोटं बोलतोय म्हणतासा?”

“हो,” मी म्हणालो.

मला बोलणं गोल करता येत नाही. त्या शब्दाचं मात्र आजही वाईट वाटतं. मिस्त्रींनी गाडीचं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, “आणा तुमची पट्टी. बसा खाली. मी दाबतो, तुमी मोजा.”

ते आत बसले. मी दाराशी उकिडवा बसून पट्टी लावली. त्यांनी डोळे मिटून पॅडल दाबलं. “बगा. गच्च हाय.”

मोजणीच्या वेळी एकजण आकडा मोठ्यानं वाचतो आणि दुसरा लिहितो. मी त्याच सवयीनं वाचू लागलो. “एकाहत्तर.”

“गच्च.”

“सहासष्ट.”

“गच्चच हाय की.”

“एकोणसाठ. त्रेपन्न.”

मी पट्टी न हलवता पुढे वाचलं.

“अठ्ठेचाळीस.”

मिस्त्रींनी डोळे उघडून खाली बघितलं. आपला पाय किती खाली गेलाय ते त्यांना दिसलं. त्याआधी ते कळलं नव्हतं. त्यांनी पाय उचलून परत ठेवला, पुन्हा दाबला, या वेळी डोळे उघडे ठेवून. पाय पुन्हा खाली गेला.

शालन वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हात पुसत आल्या. गाडीच्या बाजूला नट-वायसरांचं ताट होतं, त्यातला रुपयाएवढा एक वायसर त्यांनी उचलला.

“डोळं मिटा,” त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

“आता काय काढलंस?”

“मिटा म्हणतो न्हवं.”

मिस्त्रींनी डोळे मिटले. वहिनींनी त्यांचा उजवा पाय उचलला, वायसर चवड्याखाली ठेवला आणि पाय त्यावर दाबला. “काय हाय पायाखाली?”

“काय न्हाय.”

“नीट सांगा.”

“काय न्हाय म्हणलं की. पत्रा हाय गाडीचा.”

वहिनींनी वायसर काढून त्यांच्या हातावर ठेवला. मिस्त्रींनी तो उलटापालटा करून बघितला. मग म्हणाले, “कंच्या गाडीचा गं ह्यो?”

वहिनींनी तो त्यांच्या हातातून घेऊन परत ताटात टाकला.

वहिनी नंतर सांगू लागल्या. साखरेचा आजार दहा वर्षांपासूनचा. गोळ्या एक दिवस घ्यायच्या, दोन दिवस विसरायच्या. दिवाळीपासून चालताना पायातली चप्पल निसटायची आणि हे चार पावलं तसेच पुढे जायचे. “मी मागनं चप्पल घिऊन जायाची. म्हणायचे, पट्टा सैल झालाय. मी बी म्हणलं, असंल.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “मला कळाय पायजे हुतं.”

“तुला कसं कळंल? पाय माजा हाय,” मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मोजणीसाहेब, वही आणलीसा काय?”

मी वही दिली. सोळा, अकरा, सहा, तीन. त्यांनी त्या चार आकड्यांवर बोट फिरवलं. इतके दिवस या वहीला हसणारा माणूस आता ती डोळ्यांजवळ धरून वाचत होता.

“ऑइल कमी झालं हुतं?”

“थेंबभरही नाही.”

“म्हंजे बाहीर गळत न्हाय. आतल्या आत मागं जातंय.” ते स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. “आन् दर टायमाला दिस कमी हुत चालल्यात. म्हंजे आमी एअर काढतोय, तवाच काय तर बिगडतंय.”

त्यांनी बॉनेट उघडून ब्रेकचा मुख्य पंप काढला आणि माझ्यापुढे उघडला. आत रबराची वाटी असते. पॅडल दाबलं की ती पंपाच्या नळीत पुढे सरकते आणि ऑइल ढकलते. बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला नळीचं तोंड दाखवलं. मी करंगळी घातली. अर्ध्यापर्यंत काचेसारखं गुळगुळीत, पुढे खरखरीत. चौदा वर्षं रबर अर्ध्या वाटेतच ये-जा करत होतं. पुढचा भाग गंजला होता, पण त्याचा कुणाला त्रास नव्हता. हवा काढताना मात्र पॅडल तळापर्यंत दाबायचं असतं. तेव्हा ते रबर त्या गंजावरून घासत जायचं. आम्ही चार वेळा दुरुस्ती केली आणि चारही वेळा दोष वाढवला.

“ही चूक पयल्यांदाच हवा काढली तवा माज्या पायाला कळली असती,” मिस्त्री म्हणाले. “सावकाश दाबलं की खाली सरकतंय. दोन केसांएवढं सरकलं तरी मला कळायचं.”

नवा पंप बसवला. या वेळी चपला वहिनींनी काढल्या आणि बघायला त्या बसल्या. डोळे मिटून त्यांनी दाबलं आणि म्हणाल्या, “हितं थांबलं. पुढं जाईना.” मी मोजलं. चौऱ्याहत्तर. एक मिनिटानं चौऱ्याहत्तर. पाच मिनिटांनीही तेवढंच.

निघताना मी म्हणालो, “मिस्त्री, मघाशी मी बोललो ते चुकलं माझं.”

“चुकलं कसं? पाय खोटंच बोलत हुता की. मी बोलत न्हवतो, पर पाय कुणाचा?”

माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. गाडी नीट झाली होती. मी किल्ली घेतली, तेवढ्यात मिस्त्री वहिनींना म्हणाले, “शालन, दिवाळीपासनं ब्रेकच्या किती गाड्या झाल्या गं?”

मला अजूनही आश्चर्य वाटतं, ते वहिनींच्या स्मरणाचं. मिस्त्रींकडे नोंद अशी नव्हती. वहिनी प्रत्येक गाडीत बसलेल्या होत्या आणि त्यांना गाड्या पॅडलवरून आठवत होत्या. उजळाईवाडीची पांढरी व्हॅन, पॅडलवर रबर नव्हतं. मुडशिंगीच्या दूधवाल्याचा टेम्पो, पॅडल उंच, पाय पोचत नव्हता. त्या सांगत गेल्या, मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. एकतीस झाल्या.

मिस्त्रींनी तिथेच पहिला फोन लावला. त्यांनी कारण बदललं नाही, नवीन ऑइल आलंय वगैरे बहाणा केला नाही. “पावणं, उचगावचा आनंदा मिस्त्री बोलतोय. दिवाळीत तुमचा ब्रेक मी केलाय. पर माज्या पायाला कळत न्हवतं, आज समजलं. गाडी घिऊन या, परत बगतो. तवर सावकाश चालवा.”

फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, “असं सांगिटल्यावर उद्या हितं कोण येईल?”

“न येऊ देत. आदी हे एकतीस येऊ देत.”

पुढचे तीन आठवडे ते हेच करत होते. गाड्या येत, मिस्त्री खाली, वहिनी वर. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन पट्टी लावून बसे. कुणी बोलून घेतलं, कुणी नुसतं ऐकून घेतलं. मुडशिंगीचा दूधवाला म्हणाला, “मिस्त्री, मग आता ब्रेक वहिनींच्या पायाचा म्हणायचा व्हय?” मिस्त्री गाडीखालून म्हणाले, “व्हय. आन् त्यो पाय तरी आंधळा हू दिऊ नगंस, बिनसाखरेचा चहा सांग.” तीस गाड्यांपैकी दोन गाड्यांत दोष निघाला. एकीत माझ्या गाडीसारखाच पंपाचा, दुसरीत मागच्या चाकात गळती. दुसरी गाडी रोज शाळेच्या मुलांना घेऊन जाणारी होती. ती मोजून झाल्यावर मिस्त्री अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले.

एकतिसावी गाडी शिवाजी पेठेतल्या एका मंडपवाल्याची होती. तो येईना. फोनवर म्हणाला, ब्रेक झकास आहेत. मिस्त्री बसनं त्याच्याकडे गेले. त्यानं किल्ली दिली नाही. ते समोरच्या तालमीच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत बसून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी दोघांना माझ्या गाडीतून नेलं.

मंडपवाला आम्हाला बघून कपाळाला हात लावत म्हणाला, “मिस्त्री, तुमी काय हप्ता गोळा कराय येतासा व्हय रोज? आज तर बायकूबी आणलीया.”

“ती न्हाय आली तर गाडी कोण बगणार? किल्ली द्या.”

“अवो, ब्रेक लागतोय म्हणतोय न्हवं. माझी गाडी, मला कळत न्हाई?”

“मलाबी कळतंय असंच वाटत हुतं,” मिस्त्री म्हणाले. “चार महिनं वाटत हुतं.”

मंडपवाल्यानं खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. “घ्या. उघडा. काय निघालं न्हाय तर समद्यांचा चहा तुमच्याकडं.”

वहिनी बसल्या. मी मोजलं. चारही चाकं काढून बघितली, पंप बघितला, नळ्या बघितल्या. दीड तास गेला. काहीही नव्हतं. सगळं जागच्या जागी, घट्ट.

“बगा,” मंडपवाला म्हणाला. “काय न्हवतं. तीन दिस वाया घालवलासा.”

“व्हय की,” मिस्त्री म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले. चहाचे पैसे त्यांनीच दिले आणि स्वतः दोन वेळा घेतला, बिनसाखरेचा.

परत येताना ते माझ्या शेजारी बसले, वहिनी मागे. मिस्त्रींना शेजारी घेऊन गाडी चालवणं हा एरवी ताप असे. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला, की त्यांचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जाई आणि तोंडानं “हां, हां” सुरू होई. त्या दिवशी दसरा चौक ओलांडला तरी आवाज नाही. मी बघितलं तर मान खिडकीकडे कललेली होती. कावळा नाक्यापाशी एक रिक्षा आडवी आली. मी ब्रेक जोरात दाबला. पुढे झुकून मिस्त्री पट्ट्यात अडकले आणि परत मागे टेकले. झोपेतच एक लांब श्वास सोडला, जागे झाले नाहीत.

उचगावात त्यांच्या घरासमोर गाडी आंब्याच्या सावलीत लावली. मी त्यांच्या खांद्याकडे हात नेला, तेवढ्यात वहिनींनी मागून अडवलं.

“नगा उठवू,” त्या हळूच म्हणाल्या. “महिना झाला, रातचं उठून बसत्यात. घटकाभर निजू देत.”

मी चारही काचा खाली केल्या, हँडब्रेक ओढला, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि बस पकडून घरी आलो. केतकी दारातच होती. तिनं माझे रिकामे हात बघितले आणि विचारलं, “गाडी कुठाय?”

“उचगावला,” मी म्हणालो. “मिस्त्री झोपलेत तिच्यात.”